जर्मन जेमतेम येतंय आणि समोरचा बोलायला लागलाय, तेव्हा काय करायचं

पुण्यात मॅक्समुलर भवनला नाहीतर रानडेला जर्मनची बॅच केलेले, ए-वन ही पहिली पातळी पास झालेले, पुढची ए-टू अर्ध्यात सोडलेले, आणि मग नोकरीने, मास्टर्सला किंवा नवऱ्याबायकोच्या मागोमाग जर्मनीत येऊन पोचलेले जे कोण असतील त्यांच्यासाठी हे लिहितेय. व्याकरण क्लासमधे झालेलं आहे तुमचं, ते मी परत घेत बसणार नाही. इथे आल्यावर जवळपास सगळ्यांचं एकाच जागी अडतं ते असं, की आपलं वाक्य घोकून तयार असतं, दुकानात जाऊन आपण ते बोलतोही व्यवस्थित, आणि मग काउंटरमागची बाई काहीतरी म्हणते आणि खेळ तिथेच खलास. आपलं वाक्य जितकं सफाईदार तितकं तिचं उत्तर सुसाट येतं कारण तिला वाटतं हिला येतंय की चांगलं. त्यामुळे माझं म्हणणं असं की सुरुवातीचे काही महिने स्वतःची वाक्यं वाढवण्यात फार वेळ घालवू नका, समोरून काय येणार आहे त्याची तयारी करा आणि आलेलं कळलं नाही तर त्याला थांबवायची तयारी करा. बाकी हळूहळू येतं.

आधी एक लिहिण्याबद्दल. जर्मन शब्द मी देवनागरीत लिहितेय, ते थोडे इकडेतिकडे होणारच. शब्दाच्या शेवटी जो अर्धवट ए असतो तो मी अनुस्वार देऊन लिहिलाय, बिटं (प्लीज), डांकं (थँक्यू), म्हणजे आपण असं-तसं म्हणताना शेवटी जो आवाज काढतो तोच काढा, बिटे-डांके पेक्षा तो कानाला कितीतरी जवळचा आहे. झ हा झाडातला झ. आणि त्स लिहिलंय तिथे चमच्यातला पहिला च. हा च आपल्याकडे जन्मापासून आहे, हिंदीवाल्यांना तो क्लासमधे शिकावा लागतो. रेल्वेला म्हणतात तो त्सूक तर अगदी आपल्या 'चूक' सारखाच म्हणायचा, काही वेगळं करायचं नाही. इश (मी) मधला श मात्र ह आणि श च्या मधला आहे, नुसता श म्हटलात तरी अडत नाही, ऱ्हाइनच्या बाजूचे लोक स्वतःच तसं बोलतात.

पुढचा प्रश्न ठरलेला असतो

बेकरी घ्या, कारण तिथे रोज जाणं होतं आणि तिथे मागे रांग असते म्हणून घामही फुटतो. तुम्ही आत गेलात, गूटन मॉर्गन म्हणालात (हे म्हणायचंच, त्यावर पुढे बोलते), आणि म्हणालात 'इश हेटं गेर्न त्स्वाय ब्र्योटशन', मला दोन पाव द्या. आता पुढे काय होणार? 'झोन्स्ट नोख एट्वास?' अजून काही? हाच प्रश्न काही जण 'दार्फ्स नोख एट्वास झाइन?' असा विचारतात, काही जणी नुसतंच 'झोन्स्ट नोख?' म्हणतात, पण तो येणारच. उत्तर 'नाइन डांकं, दास वेअर्स', बास एवढंच. मग काही खायचंप्यायचं घेतलं असेल तर 'त्सुम मिटनेमन?' म्हणजे बांधून नेणार का. मग किंमत. मग 'मिट कार्टं ओडर बार?' कार्ड की कॅश. मग 'ब्राउखन झी देन बाँग?' हा बाँग काय प्रकार आहे ते पहिल्यांदा कोणालाच कळत नाही, ती पावती. सुपरमार्केटमधे ह्याच्या जोडीला 'झामेल्न झी पुंक्टं?' येतं, पॉइंट्स जमवता का, नाइन म्हणा आणि सुटा. मग तुम्ही पैसे देता आणि ती म्हणते 'श्योनन टाग नोख', दिवस चांगला जावो, तुम्ही म्हणायचं 'डांकं, इनन आउख', तुम्हालाही. झालं. हा सगळा सीन म्युनिकपासून हॅम्बुर्गपर्यंत जवळपास ह्याच क्रमाने होतो, फक्त पावाचं नाव बदलतं. बर्लिनमधे श्रिपं, बव्हेरियात झेमेल, श्टुटगार्टच्या बाजूला वेकलं. नावं पाठ करू नका, काचेवर बोट ठेवून 'दाफोन त्स्वाय बिटं' म्हणा, ह्यातले दोन, कुठल्याही गावात चालतं.

रेस्टॉरंटमधे बिल मागितलं की प्रश्न येतो 'त्सुझामन ओडर गेट्रेन्ट?', एकत्र का वेगवेगळं, आणि इथे वेगवेगळं म्हणण्यात कोणालाच काही वाटत नाही. टिप द्यायची तर टेबलावर ठेवून जायची पद्धत फारशी नाही, पैसे देतानाच टिपसकट आकडा सांगायचा, बिल साडेसतराचं असेल तर 'नॉयनत्सेन', एकोणीस, म्हणायचं. सगळंच ठेवून घे म्हणायचं असेल तर 'श्टिम्ट झो'. आणि नोट पुढे करताना डांकं म्हणू नका! आपल्याला सवय असते ना, पण पैसे देताना डांकं म्हटलं की वरचे तुम्ही ठेवा असा त्याचा अर्थ लागू शकतो, आणि पन्नासची नोट दिलेली असेल तर ते महागात पडेल. सुट्टे हातात आल्यावर डांकं.

ह्यावरून घरी करायचा एक अभ्यास सांगते, मला वाटतं सगळ्यात उपयोगाचा हाच आहे. कुठलंही काम असेल, एक कागद घ्यायचा आणि त्यावर स्वतःची वाक्यं लिहायच्या ऐवजी समोरच्याची लिहायची. तो काय काय विचारेल. उदाहरणार्थ घर मिळालं की दोन आठवड्यांच्या आत पत्ता नोंदवावा लागतो, आनमेल्डुंग, ब्युर्गरआम्ट नावाच्या गावच्या सरकारी ऑफिसात (काही गावात त्याला ब्युर्गरब्युरो म्हणतात). तिथे बसलेला माणूस काय विचारणार? पासपोर्ट. घरमालकाने सही केलेला कागद, त्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, म्हणता आलं नाही तरी चालेल पण ऐकल्यावर ओळखू यायला हवं. कधीपासून राहताय. लग्न झालंय का, लेडिश म्हणजे नाही, फरहायराटट म्हणजे हो. आणि धर्म विचारतात, रेलिगिओन, त्याने लोक दचकतात. त्यामागे चर्चचा टॅक्स आहे. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलंत तर तुमच्या इन्कम टॅक्सच्या वर 9 टक्के, बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बेर्गमधे 8 टक्के, जास्तीचा कापला जातो, तेव्हा वसईचे किंवा गोव्याचे जे कॅथलिक आहेत त्यांनी तो रकाना समजून-उमजून भरावा, कळलं नाही म्हणून मान हलवून मोकळं होऊ नये. बघा, पाच-सहाच प्रश्न आहेत. एवढे कागदावर लिहून, मोबाईलवर उच्चार ऐकून गेलात तर अर्धं काम तिथेच झालं, आणि एखादा प्रश्न वेगळा आलाच तर निदान तो वेगळा आहे हे तरी कळतं.

थांबवायची वाक्यं

सगळ्यात आधी 'वी बिटं?', काय म्हणालात, ही वाक्याची सोय जिभेवर बसवून टाका. 'वास?' म्हणू नका, ते आपल्या 'काय??' सारखं अंगावर जातं. मग 'नोख माल बिटं', परत एकदा. मग 'एट्वास लांगझामर बिटं', जरा हळू. पण खरं सांगायचं तर हळू बोला म्हटल्यावर माणूस अर्धं वाक्य हळू बोलतो आणि मग गाडी परत मूळ स्पीडला, त्याची काही चूक नाही, आपणही मराठी शिकणाऱ्याशी तसंच करतो.

त्यापेक्षा भारी काम करतं ते म्हणजे जेवढं पकडलं तेवढं परत बोलून दाखवायचं आणि जिथे सुटलं तिथे प्रश्न ठेवायचा. समजा ऑफिसातली बाई म्हणाली, 'झी म्युसन दास फॉर्मुलार बिस फ्रायटाग इम त्स्वायटन श्टोक आबगेबन'. तुमच्या कानात काय राहिलं, फॉर्मुलार आणि फ्रायटाग. मग आख्खं वाक्य परत मागू नका, परत तेवढंच राहील. म्हणा, 'फॉर्मुलार... बिस फ्रायटाग... वो?' फॉर्म, शुक्रवारपर्यंत, कुठे? आता तिला कळलं नेमकं काय पाहिजे, ती म्हणेल 'त्स्वायटर श्टोक', दुसरा मजला, हात वर करूनही दाखवेल. (मजले आपल्यासारखेच मोजतात, तळमजला वेगळा आणि मग पहिला, एवढी एक दया आहे.) मग तुम्ही शेवटी सगळं जोडून म्हणायचं, 'आल्झो, फ्रायटाग, त्स्वायटर श्टोक, रिश्टिश?', बरोबर ना, आणि ती 'गेनाउ', अगदी बरोबर, म्हणाली की निघायचं. ह्याला एक पैशाचं व्याकरण लागत नाही, नुसते शब्द एकापुढे एक ठेवलेत, पण काम पक्कं होतं.

तारीख, वेळ, पत्ता, खोलीचा नंबर असलं काही असेल तर सरळ 'क्योनन झी दास बिटं आउफश्राइबन?', लिहून द्याल का. कोणी नाही म्हणत नाही. फक्त त्यांच्या हस्ताक्षरात 1 ला वर एवढी मोठी शेंडी असते की तो आपल्याला 7 वाटतो, आणि 7 च्या पोटात आडवी रेघ असते. रेघ असेल तर सात, नसेल तर एक.

आता मान हलवण्याबद्दल. आपण समोरचा बोलत असताना जी डावी-उजवी डुलवतो ती इथे कोणाला कळत नाही, हो आहे का नाही आहे का ऐकतोय, काही अर्थ लागत नाही त्यांना. आणि दुसरं, आपली 'हो हो' म्हणायची सवय. ती जर्मनमधे उतरून 'या या' होते आणि 'या या' म्हणजे तिथे 'हो रे बाबा, कळलं, पुरे' असं ऐकू येतं. एकदाच या म्हणा. नाहीतर 'आलेस क्लार', सगळं कळलं. काही नवीन कळलं की 'आख झो', अच्छा असं होय. पटलं की 'गेनाउ'. हे तीन-चार शब्द योग्य जागी टाकत राहिलात तर समोरच्याला बोलायला बरं वाटतं आणि तो तुमच्यासाठी थोडी जास्त मेहनत घेतो, हे मी बरेचदा बघितलंय.

पण न कळलेल्या गोष्टीला गेनाउ म्हणू नका, प्लीज. मोबाईलच्या दुकानात सगळ्याला हो हो करून बाहेर येताना दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट हातात घेऊन आलेले लोक कमी नाहीत. ऑनलाइन किंवा दारात येऊन कोणी सही घेतली असेल तर साधारण 14 दिवसांत ते रद्द करता येतं, पण दुकानात उभं राहून केलेल्या सहीला तो नियम नाही. 'इश फरश्टेए दास निश्ट', मला हे कळत नाहीये, हे वाक्य मोठ्याने आणि बिनलाज म्हणता आलं पाहिजे.

आकडे आणि घड्याळ

इथे आपण मराठीवाले नशीबवान आहोत आणि बऱ्याच जणांच्या ते लक्षातच येत नाही. जर्मनमधे पंचेचाळीस म्हणजे फ्युन्फ-उन्ट-फीरत्सिश, आधी पाच मग चाळीस. पंचेचाळीस मधे पण आधी पाचच आहे की! अडचण होते कारण इंग्लिश मीडियममुळे डोक्यात फॉर्टी-फाइव्ह चालू असतं आणि मग ऐकताना पाच-चार असा चोपन्न लिहिला जातो. म्हणून ऐकलेला आकडा डोक्यात मराठीत घ्या. बावीस, तेवीस, चौतीस, सगळं तसंच्या तसं बसतं, फक्त एकोणीस, एकोणतीस ही आपली भानगड त्यांच्याकडे नाही, ते सरळ नऊ आणि वीस म्हणतात. आणि फोनवर कोणी त्स्वो म्हणालं तर ते दोनच, त्स्वाय आणि ड्राय सारखे ऐकू येतात म्हणून मुद्दाम तसं म्हणतात.

वेळेचंही तेच. हाल्ब ड्राय म्हणजे अडीच. साडेतीन नाही, अडीच! ह्यात मधेच इंग्लिश आणली की तासाभराने चुकता आणि डॉक्टरकडे तासभर उशिरा गेलात तर ते बघत नाहीत. तिनाच्या दिशेने अर्धा तास गेला, झाले अडीच, असा हिशोब. दक्षिणेत आणि पूर्वेकडे ड्रायफिर्टेल ड्राय असंही म्हणतात, ते आपलं पावणेतीन. पण तिथलेच लोक फिर्टेल ड्राय म्हणाले तर ते सव्वादोन, आणि ह्यात बाहेरगावचे जर्मनही गडबडतात म्हणे तर तुम्ही कशाला डोकं शिणवताय, आकड्यात विचारून घ्या, 'आल्झो, फीरत्सेन उर ड्रायसिश?', म्हणजे 14.30 ना? चोवीस तासांचं घड्याळ सगळ्यांना चालतं.

वाक्य जोडायचं कसं

चार क्रियापदं पक्की करा: म्योश्टं (मला हवंय, करायचंय), कान (येतं, जमतं), मुस (करावंच लागेल), दार्फ (केलं तर चालेल का). ह्यातलं एक घ्यायचं आणि खरं काम सांगणारं क्रियापद मूळ रूपात नेऊन वाक्याच्या शेवटी टाकायचं. 'इश मुस मोर्गन आर्बाइटन', मला उद्या काम करावंच लागेल. 'दार्फ इश हीर झिट्सन?', इथे बसू का. क्रियापद शेवटी टाकायला आपल्याला शिकवावं लागत नाही. शिवाय जी तुटणारी क्रियापदं आहेत, ज्यांचा अर्धा तुकडा वाक्याच्या दुसऱ्या टोकाला जातो, ती ह्या पद्धतीत तुटतच नाहीत. 'इश रूफं झी मोर्गन आन', मी तुम्हाला उद्या फोन करते, मधे तो आन लक्षात ठेवून शेवटपर्यंत न्यावा लागतो, त्याऐवजी 'इश कान झी मोर्गन आनरूफन' म्हटलं की एका दमात आलं.

'इश विल' टाळा. ते मला पाहिजे म्हणजे पाहिजे असं वाटतं. इश म्योश्टं किंवा इश हेटं गेर्न.

देअर-डी-दास वर अडून राहू नका. तीन लिंगं आपल्याला नवीन नाहीत, फक्त जुळत नाहीत, आपला सूर्य तो आणि त्यांचा सूर्य ती, काय करणार. चुकीचं आर्टिकल लावल्यामुळे पाव मिळाला नाही असं कधी होत नाही. न आठवल्यास द सारखं काहीतरी तोंडातल्या तोंडात गिळून पुढे चला, थांबून तिन्ही म्हणून बघत बसलात तर समोरचाच कंटाळतो.

आणि बिटं. मराठीत बोलताना कृपया कोण म्हणतं? आपला आदर क्रियापदात असतो, देता का, द्याल का, सांगाल का. म्हणून जर्मन बोलताना आपल्या तोंडून बिटं गळतो आणि आपण आहोत त्यापेक्षा उद्धट वाटतो. प्रत्येक मागणीच्या शेवटी तो चिकटवायचा. तसंच आत शिरल्या शिरल्या नमस्कार. दुकानात, डॉक्टरच्या वेटिंग रूममधे सुद्धा, जिथे कोणी ओळखीचं नाही तिथेही आत येणारा सगळ्यांना मिळून गूटन टाग म्हणतो आणि निघताना च्युस. थेट प्रश्नाला हात घातलात तर चेहरे पडतात. उत्तरेला मोइन, तेही दिवसभर चालतं, दक्षिणेला ग्र्युस गोट नाहीतर झेर्वुस. आणि ऑफिसात दुपारी बाराच्या सुमाराला कॉरिडॉरमधे कोणी 'माल्त्साइट' म्हणत गेला तर तो तुम्हाला जेवायला बोलावत नाहीये, तुम्ही पण माल्त्साइट म्हणायचं आणि आपापल्या वाटेने जायचं.

दू की झी, तर अनोळखी मोठ्या माणसाला झी, मुलांना दू, कॉलेजात एकमेकांना दू, ऑफिसात हल्ली बऱ्याच ठिकाणी दू. अहो-जाहो आपल्याकडे आहेच, आईला तू आणि सासूबाईंना अहो हे सांभाळणाऱ्या माणसाला ह्यात काय अवघड. शंका आली तर झी, कारण त्यात एक फायदा पण आहे, झी बरोबर क्रियापद जवळपास नेहमी मूळ रूपातच राहतं, हाबन झी, क्योनन झी, वोनन झी. दू म्हटलं की रूपं बदलत बसायची.

नाव सांगणं

हे छोटं वाटतं पण रोज लागतं. आधी स्वतःचं नाव त्यांच्या तोंडून कसं येणार ते ओळखून ठेवा. जे चा उच्चार ते य करतात आणि शेवटचा व्ही फ होतो, म्हणजे जाधवांना वेटिंग रूममधे 'फ्राउ याधाफ' अशी हाक येणार आणि जाधवबाई तिथेच बसून राहणार. जोशींचं योशी. वैद्यांचं फाइद्या होऊ शकतं.

स्पेलिंग सांगताना इंग्लिश अक्षरं वापरू नका. त्यांचा ए म्हणजे इंग्लिशमधला ई आणि त्यांचा ई म्हणजे आय, त्यामुळे देशमुख इंग्लिशमधे सांगितलं की कागदावर भलताच माणूस उतरतो. ए ला आ, जे ला योट, व्ही ला फाउ, डब्ल्यू ला वे, वाय ला उप्सिलोन, झेड ला त्सेट, एच ला हा. फोनवर लोक आन्टोन, बेर्टा, एमिल, इडा असली नावं लावून अक्षरं सांगतात, 2022 मधे नियमात त्याजागी आखन, बेर्लिन अशी गावांची नावं आली पण बोलताना आन्टोन-बेर्टाच ऐकू येतात. सगळी पाठ नकोत, स्वतःच्या आडनावात जी अक्षरं आहेत तेवढीच करा. ईमेलमधल्या टिंबाला पुंक्ट. आणि जन्मतारीख! ती इतक्या ठिकाणी विचारतात की झोपेत उठवलं तरी सांगता यायला हवी, आधी दिवस, मग महिना तोही आकड्यातच, पंधरा मार्च असेल तर फ्युन्फत्सेन्टर ड्रिटर, मग वर्ष.

ते इंग्लिशवर आले तर

येतात, तुमची धांदल बघून दया येते त्यांना. रांग नसेल, काम साधं असेल तर हसून म्हणा, 'इश लेर्नं नोख डॉइच, क्योनन विर डॉइच श्प्रेशन?', मी अजून जर्मन शिकतेय, जर्मनमधे बोलूया का. बहुतेकांना आवडतं. मागे दहा माणसं उभी असतील तर मात्र इंग्लिश तर इंग्लिश, त्यांच्या वेळेवर आपली प्रॅक्टिस नको. आणि माझं स्पष्ट मत आहे की जिथे पैसा किंवा तब्येत अडकलीय, घराचा करार, दवाखाना, इन्शुरन्स, तिथे जर्मनची हौस करायची नाही, इंग्लिश येणारा डॉक्टर शोधा, जर्मन चांगली येणारा मित्र बरोबर न्या. सरकारी ऑफिसात उलटं होतं, तिथे कारभाराची भाषा जर्मन असं कायद्यातच लिहिलेलं आहे, त्यामुळे समोरच्याला इंग्लिश येत असलं तरी तो नाही म्हणू शकतो, आणि त्यावर वाद घालून काही मिळत नाही. मित्र तिथेही लागतो.

प्रॅक्टिससाठी मला सगळ्यात आवडलेली जागा म्हणजे शेजाऱ्याचं दार. तुम्ही घरी नसताना पार्सल आलं की डिलिव्हरीवाला ते शेजाऱ्यांकडे ठेवतो आणि पत्रपेटीत चिठ्ठी टाकतो. म्हणजे बोलायला कारण आपोआप मिळतं. बेल वाजवायची, 'गूटन टाग, इश वोनं इम ड्रिटन श्टोक. इश ग्लाउबं, झी हाबन आइन पाकेट फ्युर मिश', मी तिसऱ्या मजल्यावर राहते, माझं पार्सल तुमच्याकडे आहे वाटतं. समोरून 'आख या, मोमेंट!' येतं, पार्सल येतं, आणि मग हवेवर दोन वाक्यं. 'हॉयटं इस्ट एस आबर काल्ट', आज काय थंडी आहे. एवढ्यावर इथे ओळख होते. पुढच्या वेळी त्यांचं पार्सल तुम्ही घ्या. त्यात एखाद्या आजीबाई असतील तर सोन्याहून पिवळं, त्यांना वेळ असतो, त्या हळू बोलतात आणि चुकलं की दुरुस्त पण करतात. ह्याशिवाय गावोगावी फोल्क्सहोखशूलं असतात, तिथे स्वस्तात संध्याकाळचे क्लास, आणि बऱ्याच लायब्रऱ्यांमधे श्प्राखकाफे भरतो, गप्पा मारायला.

कधी कधी समोरच्याचं एक अक्षर कळत नाही आणि वाटतं आपला क्लास वाया गेला. बहुतेक वेळा तो गावठी बोलत असतो. पुस्तकातलं 'इश हाबं' बोलताना सगळीकडेच इश हाब होतं, इस्ट चं इस, निश्ट चं निश आणि दक्षिणेत नेट, बर्लिनमधे इश चं इक. 'बिटं आउफ होखडॉइच', प्रमाण जर्मनमधे बोला ना, म्हणा, हसतील पण बदलतील.

फोन

हे मुद्दाम शेवटी ठेवलं कारण हातवारे नाहीत, चेहरा नाही, कागद पुढे करता येत नाही. सुरुवातीला जमेल तिथे टाळाच, डॉक्टरची वेळ बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन मिळते, नाहीतर सकाळी दवाखाना उघडताना स्वतः जाऊन उभं राहायचं. पण कधीतरी करावाच लागतो. तेव्हा परत तोच कागद. तिकडून माणूस नुसतं दवाखान्याचं नाव आणि स्वतःचं आडनाव भराभर बोलून गप्प होतो, ते हॅलो समजायचं. तुम्ही नाव सांगायचं आणि लगेच 'इश श्प्रेशं नुर आइन बिसशन डॉइच', मला थोडीच जर्मन येते, हे पहिल्याच दमात सांगून टाकायचं, म्हणजे ती पुढे जपून बोलते. मग 'इश म्योश्टं आइनन टेर्मीन, बिटं', मला अपॉइंटमेंट हवीय. तिच्याकडून येणार: 'वारन झी शोन माल बाय उन्स?', आधी आला होतात का. जन्मतारीख. 'गेझेट्सलिश ओडर प्रिवाट?', इन्शुरन्स सरकारी पद्धतीचा की प्रायव्हेट, कार्ड समोर घेऊन बसा. काय होतंय, त्याचा एक शब्द आधी शोधून ठेवा, हुस्टन खोकला, फीबर ताप, र्युकनश्मेर्त्सन पाठदुखी. मग ती वार आणि वेळ सांगेल, तो तुम्ही परत म्हणायचा, तेही आकड्यात, आणि रिश्टिश? विचारायचं. तिने गेनाउ म्हणेपर्यंत फोन ठेवू नका. ठेवताना आउफ वीडरझेएन च्या ऐवजी आउफ वीडरह्योरन म्हणतात.

रात्री-अपरात्री किंवा रविवारी दुखणं आलं पण जिवावरचं नाही तर 116117, आणि खरंच इमर्जन्सी असेल तर 112. तिथे वाक्य जुळवत बसायचं नाही, आधी पत्ता बोलायचा, रस्ता, घर नंबर, गाव, मग काय झालंय ते. स्वतःचा पत्ता जर्मन उच्चारात आजच दोनचार वेळा मोठ्याने म्हणून बघा, आणि घरात आईबाबा राहायला येणार असतील तर त्यांच्यासाठी फ्रिजवर देवनागरीत लिहून लावा.